अपडेट कंपनीचे, बंद पडलेला मदरबोर्ड ग्राहकाचा

माननीय संपादक यांस,

सविनय नमस्कार.

संगणक अद्ययावत ठेवावा, असा सल्ला सगळीकडून दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण संगणकातल्या मुख्य बोर्डाचे, म्हणजे मदरबोर्डचे फर्मवेअर (बोर्डातच साठवलेला, संगणक सुरू करून देणारा मूळ कार्यक्रम) अपडेट करताना ते फसले, तर त्यानंतर उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवेशी किती झगडावे लागते, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक असते. गेल्या काही महिन्यांत ती वेळ माझ्यावर आली. त्या पत्रव्यवहारातून माझे एक मत पक्के झाले आहे. अपडेटची फाइल कंपनी तयार करते, ती चिपमध्ये लिहिणारे साधन कंपनीच देते आणि काय कोणत्या क्रमाने करायचे हेही कंपनीच सांगते; म्हणून या सूचना पाळूनही बोर्ड बंद पडला, तर तो पुन्हा चालू करून देण्याची जबाबदारी कंपनीचीच असली पाहिजे आणि तसे वॉरंटीत स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. कंपनीचे नाव मी इथे देत नाही, कारण इतर कंपन्यांच्या ग्राहकांकडूनही मी जवळपास हेच ऐकले आहे आणि एकीला वेगळे काढून हा प्रश्न सुटणार नाही.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. माझा डेस्कटॉप संगणक तीन वर्षांच्या वॉरंटीतल्या दुसऱ्या वर्षात होता. स्लीपमधून जागा होताना तो अधूनमधून अडकत असे, म्हणून मी ग्राहक सेवेला लिहिले. त्यांच्या उत्तरातले पहिलेच वाक्य असे होते की, आधी फर्मवेअरची सर्वांत नवी आवृत्ती टाका, त्याशिवाय पुढची तपासणी करता येणार नाही. म्हणजे हे अपडेट मी हौसेने केले नव्हते, कंपनीच्या लेखी सूचनेवरून केले होते, आणि पुढच्या सगळ्या वादात ही एकच ओळ माझ्या बाजूने उभी राहिली.

सूचनांप्रमाणे मी बोर्डाचे मॉडेल आणि त्यावर छापलेला रिव्हिजन क्रमांक असे दोन्ही जुळवून पाहिले, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळे फर्मवेअर लागू शकते. उतरवून घेतलेल्या फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे तपासण्याचा आकडा) कंपनीच्या पानावरच्या चेकसमशी ताडून पाहिला. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ती फाइल घेतली, संगणक यूपीएसवर ठेवला, रॅमचा वेग वाढवणारे सेटिंग काढून सगळे मूळ स्थितीत आणले आणि विंडोजमधून नव्हे, तर बोर्डाच्या स्वतःच्या सेटअपमधल्या साधनातून अपडेट सुरू केले. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, अपडेट पूर्ण झाल्याचा संदेश आला, संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि पडदा काळाच राहिला.

अशा वेळी लगेच वीज तोडू नये, हे मला माहीत होते. डीडीआर५ रॅमच्या बोर्डांवर अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी नव्याने होते, तिला कित्येक मिनिटे लागू शकतात, त्या काळात पडद्यावर काहीही दिसत नाही आणि संगणक मध्येच एकदोनदा स्वतःहून बंद होऊन सुरूही होतो. घाबरून कळ दाबणाऱ्या कितीतरी लोकांनी चांगल्या चाललेल्या अपडेटची वाट अशीच लावली असेल. अपडेटच्या संदेशात 'पुढची दहा मिनिटे पडदा काळा राहील, वीज बंद करू नका' एवढे एक वाक्य घालायला कंपन्यांना काय अडचण आहे, हे मला खरोखर कळत नाही. मी तासभर थांबले. पंखे फिरत होते, बोर्डावरचा रॅमचा इशारादिवा लागून राहिला होता, बाकी काही नाही.

वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. संगणक सुरू केल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी जे वाचतो, ते मदरबोर्डवरच्या एका लहानशा, बहुधा आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये साठवलेले असते. त्याला आपण जुन्या सवयीने बायोस म्हणतो. आजच्या बोर्डांवर त्याची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरने घेतली आहे आणि चिप साधारणतः १६ किंवा ३२ मेगाबाइटची असते. फ्लॅशमध्ये जुन्या मजकुरावर नवा मजकूर तसाच चढवता येत नाही. आधी तो भाग पुसावा लागतो आणि मग तिथे लिहावे लागते. पुसणे झाले आणि लिहिणे राहिले, तर प्रोसेसरला वाचायला काहीच उरत नाही. आणि जे साधन ही चूक दुरुस्त करू शकले असते, तेही त्याच चिपमध्ये होते. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने अनेक संगणकांच्या फ्लॅश चिपमधला मजकूर खराब केला, तेव्हाच साऱ्या जगाला हे दिसले होते की इतर एकही भाग न बिघडता केवळ या चिपमधला मजकूर गेला, तरी बोर्ड निर्जीव होतो. तेव्हापासून पाव शतकाहून अधिक काळ गेला आहे, त्यामुळे उत्पादकांना हा धोका नवा आहे असे म्हणता येणार नाही.

फर्मवेअर उगाच बदलू नये, चालते आहे ते चालू द्यावे, असे अनेक जाणकार सांगतात. एके काळी हा सल्ला पुरेसा होता, पण आता परिस्थिती तशी राहिलेली नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या उणिवा जाहीर झाल्या, तेव्हा उपायाचा काही भाग मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) रूपाने फर्मवेअरमधूनच पोहोचवावा लागला. त्यातही पहिल्या घाईत आलेल्या मायक्रोकोडमुळे संगणक अचानक रीबूट होऊ लागल्याने इंटेलला त्याच महिन्यात त्याचे वितरण थांबवायला सांगावे लागले. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरता आढळली, तेव्हा पुढचे नुकसान टाळण्यासाठीचा मायक्रोकोडही बोर्ड उत्पादकांच्या फर्मवेअरमधूनच लोकांपर्यंत गेला. संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह कार्यक्रमच चालू देणाऱ्या सिक्युअर बूट या सोयीसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये काढलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते आणि नवी प्रमाणपत्रे घेण्यासाठी काही संगणकांना उत्पादकाचे फर्मवेअर अपडेट लागते. एवढे सगळे समोर असताना सर्वसामान्य माणसाने अपडेट करायचे नाही असे ठरवले, तरी ते त्याच्या हातात उरत नाही. आणि समजा त्याने तसे ठरवलेच, तर कोणत्याही तक्रारीवर ग्राहक सेवा पहिला प्रश्न हाच विचारते की आपल्या फर्मवेअरची आवृत्ती कोणती.

आता ग्राहक सेवेच्या अनुभवाकडे येते. माझ्या पहिल्या पत्रात मी मॉडेल, रिव्हिजन, अनुक्रमांक, आधीची आवृत्ती, नवी आवृत्ती, वापरलेली पद्धत, चेकसम आणि इशारादिव्याचे वर्णन असे सर्व दिले होते. सीमॉस (बोर्डाची सेटिंग आणि तारीख-वेळ साठवणारी छोटी स्मृती) पुसून पाहिले आहे आणि उपयोग झालेला नाही, हेही लिहिले होते. दोन दिवसांनी उत्तर आले: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया बोर्डावरचा बटन सेल काढून सीमॉस पुसा. मी पुन्हा ते केले आणि कळवले. त्यानंतर दुसऱ्याच प्रतिनिधीचे पत्र आले की रॅमच्या पट्ट्या एकेक करून लावून पाहा. तेही केले. तिसऱ्या प्रतिनिधीने सेटअपच्या पडद्याचे छायाचित्र आणि कंपनीच्या विंडोजमधल्या साधनाने तयार केलेला अहवाल मागितला. ज्या संगणकाचा पडदाच उजळत नाही, त्याच्या पडद्याचे छायाचित्र कसे पाठवणार? चौथ्याने दुसरा प्रोसेसर आणि दुसरा वीजपुरवठा लावून पाहण्यास सांगितले. घरात जादा प्रोसेसर ठेवणारी माणसे फार थोडी असतात. पाचव्या पत्रात पुन्हा सीमॉस पुसण्याची विनंती होती.

सीमॉस पुसण्याबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण या एका सूचनेत कित्येकांचे दिवस वाया जातात. त्याने तारीख-वेळ आणि आपण बदललेली सेटिंग मूळ स्थितीत येतात. एखादे चुकीचे सेटिंग संगणक अडवत असेल, तर त्याचा नक्की उपयोग होतो आणि म्हणून एकदा ते करून पाहणे योग्यच आहे. परंतु फ्लॅश चिपमधला मूळ कार्यक्रमच अर्धवट लिहिला गेला असेल, तर सेल दहा वेळा काढून बसवला तरी तो पूर्ण होणार नाही. अपडेट फसल्याची तक्रार आली की ती सेटिंगची आहे की खुद्द लेखनाची, हा फरक ग्राहक सेवेने पहिल्या पत्रातच ओळखायला हवा. ज्यांच्यापुढे मी माझी अडचण मांडत होते, त्या माणसांना मी दोष देत नाही. ती सर्व जण सौजन्याने लिहीत होती, पण समोर ठेवलेल्या टप्प्यांच्या यादीबाहेर जाण्याची मुभा त्यांना असल्याचे दिसत नव्हते. त्यांच्यापैकी एकाने फोनवर मला सांगितले की या आवृत्तीबद्दल आणखीही तक्रारी आल्या आहेत. हे लेखी देता का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी तसे करता येणार नाही म्हणून सांगितले. त्यांच्या आवाजातला संकोच मला जाणवला.

दरम्यान एक तक्रार क्रमांक आपोआप बंद झाला. तीन दिवसांत माझे उत्तर न आल्याने प्रश्न सुटला असे मानण्यात आले होते, आणि त्या तीन दिवसांपैकी दोन त्यांच्याच सुट्टीचे होते. नव्या क्रमांकासोबत सगळे प्रश्न पहिल्यापासून सुरू झाले. जुना पत्रव्यवहार नव्या प्रतिनिधीला दिसत नाही की तो वाचायला वेळ नसतो, ते समजायला मार्ग नाही. परिणाम मात्र एकच होतो. म्हणून माझ्यासारखी वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना कळकळीने सांगते की, दर वेळी आपल्या पत्रात आतापर्यंत केलेल्या गोष्टी तारखांसह थोडक्यात पुन्हा लिहा, सगळे लेखी ठेवा, फोनवर बोलणे झाले तर त्याचा सारांश त्याच दिवशी ईमेलने पाठवा आणि तक्रार बंद करू नये अशी ओळ शेवटी जोडा. खरेदीची पावती, अनुक्रमांकाच्या चिकटपट्टीचे छायाचित्र आणि प्रोसेसरच्या सॉकेटचे स्पष्ट छायाचित्र मागण्याआधीच पाठवा. सॉकेटच्या छायाचित्राची मागणी मला रास्त वाटते. सॉकेटमधल्या बारीक पिना वाकल्या असतील तर दावा नाकारला जातो, आणि बोर्ड पाठवताना त्या सरळ होत्या याचा दुसरा पुरावा ग्राहकाकडे नसतो.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी निर्णय आला. फर्मवेअर अपडेट ग्राहकाने स्वतः केलेले असल्यामुळे त्यातून झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही, असे त्यात होते. मी त्याच कंपनीचे पहिले पत्र जोडून उत्तर पाठवले, ज्यात अपडेट केल्याशिवाय पुढची तपासणी होणार नाही असे स्पष्ट लिहिले होते. त्यावर आठ दिवस काहीही आले नाही.

माझा मूळ आक्षेप या निर्णयामागच्या विचाराला आहे. अपडेट 'ग्राहकाने केले' म्हणजे नेमके काय केले? फाइल निवडली आणि होय म्हटले. पुढचे पुसणे, लिहिणे आणि लिहिलेले बरोबर उतरले की नाही हे ताडून पाहणे, हे सारे कंपनीच्या कार्यक्रमाने केले. ग्राहकाने चुकीच्या मॉडेलची फाइल दुसरीकडून मिळवून जबरदस्तीने लिहिली असेल किंवा मध्येच वीज तोडली असेल, तर कंपनीने जबाबदारी नाकारावी, त्यात गैर काही नाही. पण कंपनीच्याच संकेतस्थळावरची, कंपनीने डिजिटल सही केलेली फाइल कंपनीच्याच साधनातून लिहिताना बिघाड झाला, तर त्याला ग्राहकाची चूक म्हणणे हे विकलेल्या वस्तूची जबाबदारी अर्ध्या वाटेत सोडून देणे आहे. ज्या सेवेला अपडेटशिवाय माझी तक्रार ऐकायचीच नव्हती, तिनेच अपडेट केले म्हणून तक्रार नाकारली, याचे मला आजही अतिशय वाईट वाटते.

या बाबतीत कंपन्यांची भूमिका बदलू शकते, याचे उदाहरण आहे. २०२३ मध्ये एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर बोर्डांवर जळाल्याचे उघड झाले, तेव्हा व्होल्टेजला मर्यादा घालणाऱ्या फर्मवेअर आवृत्त्या घाईने काढाव्या लागल्या. एका मोठ्या बोर्ड उत्पादकाच्या पानावर त्या बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या आवृत्तीखाली, ती वापरल्यास वॉरंटी जाईल अशा अर्थाची सूचना होती. जो उपाय केला नाही तर प्रोसेसर जळण्याची भीती, तो केला तर वॉरंटी जाण्याची भीती, अशा कोंडीत ग्राहक सापडला. चोहोबाजूंनी टीका झाल्यावर त्या उत्पादकाने बीटा आवृत्त्यांनाही वॉरंटी लागू असल्याचे जाहीर केले. चांगले उदाहरणही देते. २०१८ मध्ये एएमडीचे नवे प्रोसेसर जुन्या फर्मवेअरच्या बोर्डांवर सुरूच होत नव्हते आणि फर्मवेअर बदलायला चालणारा प्रोसेसर हवा होता. तेव्हा एएमडीने पात्र ग्राहकांना केवळ अपडेटपुरता वापरून परत करण्यासाठी प्रोसेसर पाठवण्याची सोय केली. अडचण उत्पादकाच्या बाजूची आहे हे एकदा मान्य केले की मार्ग निघतो.

तांत्रिक उपायही हाताशी आहेत. अनेक बोर्डांच्या मागच्या बाजूला एक बटण असते. विशिष्ट नाव दिलेली फाइल पेन ड्राइव्हवर ठरलेल्या यूएसबी जागेत लावून ते दाबले की प्रोसेसर आणि रॅम बसवलेले नसतानाही वेगळा नियंत्रक ती फाइल थेट चिपमध्ये लिहितो. आसुसच्या बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅक आणि गिगाबाइटच्या बोर्डांवर क्यू-फ्लॅश प्लस या नावांनी ही सोय ओळखली जाते. काही बोर्डांवर दोन चिप असतात आणि एक खराब झाली तर दुसरीवरून संगणक उभा राहतो. फार पूर्वी, फ्लॉपीच्या काळातही, चिपचा एक लहान भाग अपडेटच्या वेळी न पुसता राखून ठेवण्याची आणि त्याच्या आधाराने फ्लॉपीवरून उरलेले फर्मवेअर परत घेण्याची पद्धत होती. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने मे २०१८ मध्ये फर्मवेअरच्या टिकाऊपणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत संरक्षण, बिघाड ओळखणे आणि पूर्वस्थितीत आणणे अशी तीन तत्त्वे बरोबरीने मांडली आहेत. यातल्या संरक्षणाकडे उत्पादकांनी बरेच लक्ष दिले आहे. सही नसलेली फाइल चालत नाही, जुन्या आवृत्तीकडे परतणे अनेकदा अडवलेले असते. हे सुरक्षेसाठी आवश्यक आहे, हे मला मान्य आहे. मात्र कुलपे वाढवत जाताना तिसरे तत्त्व मागे ठेवले, तर घराचा मालकच बाहेर अडकतो. माझ्या बोर्डावर ना ते बटण होते, ना दुसरी चिप.

आठ दिवस वाट पाहून, वॉरंटी नाकारल्याचे पत्र हातात असल्यामुळे, मी बोर्ड इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका परिचितांकडे नेला. त्यांनी काय केले हे मी जवळ बसून पाहिले. आधी चिपवरचा क्रमांक वाचून ती ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची, हे त्यांनी तिच्या माहितीपत्रकात पाहिले, कारण चुकीच्या व्होल्टेजने चिप कायमची जाऊ शकते. मग चिमट्यासारखी क्लिप चिपच्या पायांवर बसवून प्रोग्रामर या चिप वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणाच्या मदतीने चिपमधला सर्व मजकूर दोन वेळा वाचला आणि दोन्ही वाचने तंतोतंत जुळतात याची खात्री केली. ते वाचन त्यांनी जपून ठेवले. त्या बोर्डाचा अनुक्रमांक आणि नेटवर्कवर बोर्ड ओळखण्याचा मॅक पत्ता त्यातच होता, आणि कोरी फाइल तशीच लिहिली असती तर तो मजकूर गेला असता. मिळालेले वाचन त्यांनी मला पडद्यावर दाखवले. मधल्या एका मोठ्या पट्ट्यात पुसलेल्या फ्लॅशची खूण असलेले एफएफ, एफएफ, एफएफ एवढेच दिसत होते. म्हणजे तो भाग पुसला गेला होता, लिहिला गेला नव्हता, आणि तरीही कंपनीच्या साधनाने अपडेट पूर्ण झाल्याचा संदेश दिला होता. लिहून झाल्यावर वाचून पाहण्याचा टप्पा नीट झाला असता, तर संगणक रीबूट होण्याआधीच ही चूक सापडली असती आणि त्याच बैठकीत दुरुस्त करता आली असती.

नवी फाइल लिहून, बोर्डाची स्वतःची माहिती तिच्यात परत घालून संगणक सुरू करायला तासभरही लागला नाही. एकही भाग बदलावा लागला नाही. जे काम एका माणसाने एका दुपारी केले, त्यासाठी कंपनीकडे बोर्ड नाकारणे किंवा बदलणे एवढेच दोन मार्ग असावेत, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. चिप पुन्हा लिहून देण्याची सेवा प्रत्येक सेवा केंद्रात सहज असू शकते. असे असताना धडधाकट बोर्ड कचऱ्यात जातात, आणि त्यांच्यासोबत त्यांत गेलेले धातू, श्रम आणि वीजही. अर्थात, ज्यांना या कामाचा सराव नाही त्यांनी हे घरी करून पाहू नये, अशी माझी विनंती आहे. आणि वॉरंटी चालू असेल, तर कंपनीचा नकार लेखी हातात येईपर्यंत बोर्डाला कोणालाही हात लावू देऊ नये.

संगणक सुरू झाल्यावर आणखी एक अडथळा होताच. माझी डिस्क विंडोजमधल्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद होती आणि किल्ली ज्या सुरक्षा विभागात असते, तो फर्मवेअरसोबत नव्याने सुरू झाल्यामुळे विंडोजने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती मी कागदावर उतरवून ठेवली होती, म्हणून छपाईला जायचे बाकी असलेल्या दोन पुस्तकांच्या फाइल परत मिळाल्या. ती नसती तर बोर्ड दुरुस्त होऊनही माझे काम गेले असते. अपडेट यशस्वी झाले तरीही ही की मागितली जाऊ शकते, आणि अनेकांच्या संगणकावर हे कुलूप त्यांच्या नकळत लागलेले असते. म्हणून फर्मवेअरला हात लावण्याआधी ती की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवणे आणि कामाच्या फाइलची प्रत काढणे ही दोन कामे कोणीही टाळू नयेत. कंपनीच्या सूचनापत्रात मात्र या कीचा उल्लेख कुठेच नव्हता.

बोर्ड चालू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचे पत्र आले. 'विशेष बाब म्हणून' बोर्ड तपासणीसाठी स्वीकारण्यास आम्ही तयार आहोत, तपासणीला १५ ते २० कामाचे दिवस लागतील, आणि बदली बोर्ड द्यावा लागल्यास तो दुरुस्त केलेला, वापरलेला असू शकेल, असे त्यात लिहिले होते. ग्राहकाने चिकाटीने जुने पत्र शोधून समोर ठेवले तर विशेष बाब, आणि ज्याला ते जमले नाही त्याला नकार, असा हा व्यवहार आहे. वॉरंटीतला हक्क मेहरबानी म्हणून मिळता कामा नये. अधिकृत फाइल, अधिकृत पद्धत आणि तरीही बिघाड, या परिस्थितीसाठी प्रत्येक उत्पादकाने एक साधा नियम जाहीर करावा, त्यात किती दिवसांत काय केले जाईल हे सांगावे आणि चिप पुन्हा लिहून देणे हा पहिला उपाय ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. परत मिळवण्याची सोय नसलेल्या बोर्डाच्या खोक्यावर तसे ठळक छापावे, म्हणजे विकत घेतानाच माणूस विचार करून निवड करू शकेल. आणि सदोष आवृत्ती मागे घेतली, तर ती का घेतली हे त्याच पानावर लिहावे.

हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लिहिते आहे. माझा संगणक बंद पाडणारी आवृत्ती आता कंपनीच्या पानावर दिसत नाही. तिच्या जागी पुढच्या क्रमांकाची आवृत्ती आहे आणि तिच्याखाली 'प्रणालीचे स्थैर्य सुधारले' एवढेच लिहिलेले आहे. ज्यांनी आधीची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली आहे आणि सवडीने ती वापरायचे ठरवले आहे, त्यांना ती वापरू नका हे कोण सांगणार, असा प्रश्न मी ग्राहक सेवेला तीन आठवड्यांपूर्वी विचारला. त्या तक्रारीला नवा क्रमांक मिळाला आहे आणि पहिल्या उत्तरात माझ्या सध्याच्या फर्मवेअरची आवृत्ती विचारण्यात आली आहे.

आपली नम्र,
एक वाचक